लग्न आधी की फाईल आधी? (वय ४४, दत्तक आणि रविवारी येणारे गृहस्थ)

दुसरं गेट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथं नुसती वाचत आलेय, आज लिहितेय. राहायला बेळगावात, टिळकवाडीत, रेल्वे गेटाजवळ. शाळेत शिकवते. वय ४४, घटस्फोटित.

मूल हवं होतं, झालं नाही. इंजेक्शनं, सोनोग्राफ्या, पुन्हा पहिल्यापासून, असं सगळं झालं. नवऱ्याला त्या चक्रातून सुटायचं होतं, जाता जाता तो माझ्यातूनही सुटला. त्याला आता मुलगी आहे. दिसली होती गणपत गल्लीत, त्याच्या खांद्यावर. गोड आहे. मी दुकानात शिरून नको असलेला ब्लाऊजपीस घेतला.

आता पाळीचंही काही खरं नाही, दोन महिने गायब, मग पंधरा दिवसांत परत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे व्हायचंच. डोहाळजेवणाला मला बोलावतात, पण ओटी भरायची वेळ झाली की कुणीतरी हळूच म्हणतं, "तू जरा पानांचं बघतेस का?" मावशीनं सौंदत्तीच्या यल्लम्माला परस्पर नवस बोलून ठेवलाय. फेडायचा मी.

तर गेल्या वर्षी मी कारावर (केंद्र सरकारचं दत्तक प्राधिकरण, त्यांच्या पोर्टलवर) नोंदणी केली. एकल महिला, मूल २ ते ४ वर्षांचं, मुलगा-मुलगी काहीही चालेल. त्यासाठी एक प्रतिज्ञापत्र करायला गेले. फॉर्म कन्नडमध्ये. मला बोलता येतं, पण सरकारी कन्नड वाचताना घाम फुटतो. मागं एक गृहस्थ उभे होते, आईच्या पश्चात वारसाचे कागद करायला आलेले. म्हणाले, "द्या, वाचून दाखवतो." आणि खणखणीत आवाजात वाचलं की हो! मी घटस्फोटित आहे, मला कुठला आजार नाही, माझ्यावर गुन्हा नाही, मला मूल दत्तक हवंय, हे सगळं अख्ख्या रांगेला कळलं. मग स्वतःच ओशाळले आणि चहा पाजला.

ते गोकाकचे. वय ५१, विधुर, मूलबाळ नाही, बी-बियाणांचं दुकान. घरात कन्नड, माझ्याशी मराठी, रागावले की परत कन्नड. तेव्हापासून रविवारी येतात. करदंट (तिकडची मिठाई) घेऊन. आई आधी म्हणाली, "हे कोण?" आता म्हणते, "आज उशीर का झाला त्यांना?"

गेल्या महिन्यात त्यांनी लग्नाचं विचारलं. मला हो म्हणायचंय. पण नियम असा की लग्न झालेल्या जोडप्याला दत्तक घ्यायला किमान दोन वर्षांचा स्थिर संसार दाखवावा लागतो. म्हणजे लग्न केलं की माझी एकल फाईल मोडली आणि दोन वर्षं थांबणं आलं. नाही केलं तर ५१ वर्षांच्या माणसाला "थांबा" म्हणायचं, ते कोणत्या तोंडानं?

होम स्टडी (घरी येऊन करतात ती चौकशी) अजून व्हायचीय. कुणी यातून गेलंय का?

कुंदाप्रेमी

सर्वप्रथम, करदंट अमीनगडचं. गोकाकचं ठीक आहे. बाकी प्रश्न गंभीर आहे, जाणकार येतीलच. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. (हलके घ्या.)

आक्काताई

एवढ्या भानगडी कशाला गे? पूर्वी घरातलंच मूल घ्यायचे. दिराचं, भावाचं. आमच्या वडगावात दोन घरं अशीच चाललीत. भावाला दोन मुलं असतील तर एक मागून घे. होम घालायचा, गूळ वाटायचा, झालं. आणि लग्न करायचं तर लवकर कर, लोक बोलायच्या आधी.

हिशोबनीस

आम्ही निपाणीचे. आमची मुलगी आता सात वर्षांची आहे, कारातूनच आलेली. त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो.

आक्काताई, नात्यातलं दत्तक आजही होतं. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार घटस्फोटित बाईलाही घेता येतं. मूल साधारणपणे १५ वर्षांखालचं आणि अविवाहित हवं. होम घातलाच पाहिजे असं कायद्यात नाही, दिलं-घेतलं मात्र खरोखर झालं पाहिजे. पण भावाचं मूल "मागून घे" हे लिहायला सोपं. त्या मुलाच्या आईला कुणी विचारायचं?

आता मूळ प्रश्न. वयाचा हिशोब नीट बघा, कारण तुमचं सगळं त्यावरच आहे. २०२२च्या दत्तक नियमांत एकल व्यक्तीसाठी कमाल वय असं: दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ४०, २ ते ४ साठी ४५, ४ ते ८ साठी ५०, त्यावरच्या मुलांसाठी ५५. जोडप्याच्या वयांची बेरीज धरतात, ती याच क्रमानं ८५, ९०, १००, ११०. वय नोंदणीच्या दिवशीचं धरतात.

तुम्ही एकल म्हणून ४५ च्या आत नोंदलंय, २ ते ४ मध्ये बसता. आज लग्न केलंत तर बेरीज ९५. दोन वर्षांनी नोंदणी कराल तेव्हा ९९, म्हणजे ४ ते ८ मध्ये काठावर. आणि आणखी एक वर्ष मुहूर्त, हॉल, मानपान यात घालवलंत तर १०१. मग आठ वर्षांवरचंच मूल. जोडप्याची बेरीज वर्षाला दोननं वाढते हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

शिवाय रांग. लहान निरोगी बाळासाठी सध्या तीन वर्षांहून जास्त थांबावं लागतं. तुमचं एक वर्ष त्या रांगेत गेलंय, ते सोडायचं का हा खरा प्रश्न.

कुंदाप्रेमी

हिशोबनीस, नाव सार्थ केलंत. वाचनखूण साठवली.

पण म्हणजे मुहूर्त काढायला भटजीबरोबर सीए पण लागणार.

शहापूरचा

माझ्या ओळखीत एक जण आहे. हॉस्पिटलमधून बाळ थेट मिळतं. गरीब घरची पोर असते, त्यांनाही मदत होते. रांग नाही, कागद नाही. व्यक्तिगत निरोप करा.

हिशोबनीस

शहापूरचा, हा प्रतिसाद काढून टाका. प्रक्रिया डावलून असं मूल देणं-घेणं बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्यात पैसे आले की ती मुलाची विक्री, तिला पाच वर्षांपर्यंत शिक्षा. त्याहून वाईट म्हणजे पाच वर्षांनी कुणी तक्रार केली तर मूल घरातून जाऊ शकतं. एखाद्या बाईला खरंच बाळ सांभाळणं शक्य नसेल तर ती बाल कल्याण समितीपुढं ते सोपवू शकते. तिचं नाव गुप्त राहतं, विचार बदलायला तिला दोन महिने मिळतात. तिला मदत करायची असेल तर १०९८ चा, चाइल्डलाइनचा नंबर द्या, तुमच्या ओळखीच्या माणसाचा नको.

संपादक मंडळ

'शहापूरचा' यांच्या प्रतिसादातला संपर्काचा भाग काढला आहे.

किल्लेदार

धागा भरकटवून त्याचा काश्मीर करत नाही, कित्तूर करतो.

आपल्या जिल्ह्याला दत्तकाचं प्रकरण नवं नाही. १८२४ साली कित्तूरच्या गादीला औरस वारस उरला नाही. शिवलिंगप्पाला दत्तक घेतलं, ते कंपनी सरकारनं मानलं नाही. नाकारणारा कोण, तर धारवाडचा कलेक्टर थॅकरे. (आडनावावरून इथं वाद नकोत.) लढाई झाली, २३ ऑक्टोबरला तो कित्तूरच्या वेशीत पडला. डिसेंबरात किल्ला गेला. चन्नम्मा राणी बैलहोंगलच्या कैदेत १८२९ साली वारली.

हे आठवायचं कारण म्हणजे २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्ट देत नाही, जिल्हाधिकारी देतात. म्हणजे ज्या खुर्चीनं तेव्हा दत्तक फेटाळलं त्याच खुर्चीची सही आता बाईंना लागणार. कित्तूर उत्सवाला दरवर्षी जातो, पण हे तिथं कुणी बोलत नाही.

आक्काताई

भारी सांगितलं. पण राणीला होम स्टडी नव्हती.

दुसरं गेट

सगळ्यांचे आभार. हिशोबनीस, तुमची बेरीज वाचून मी आणि ते दोघंही हसलो, मग दोघंही गप्प झालो. ते म्हणाले, "म्हणजे मी जितका म्हातारा, तितकं मूल मोठं. बाजारात सौदा असा होत नाही."

एक विचारायचं राहिलं. होम स्टडीत त्यांच्याबद्दल सांगायचं का? कागदावर मी एकल आहेच. मैत्रीण म्हणते, गप्प बस. आई म्हणते, "कोण विचारणार?" पण आईचं काही सांगता येत नाही. तिला चहा करायला आत पाठवली तरी ती आतून बोलते.

हिशोबनीस

सांगा. होम स्टडीत लग्नाचा विचार आहे का, घरी कोण येतं-जातं, आधाराला कोण, हे विचारतातच. तुम्ही अविवाहित आहात हे खरं आहे, पण आयुष्यात कुणी आहे हे लपवलंत आणि शेजारच्या काकूंनी सांगितलं तर अख्खी फाईल संशयात. एकल म्हणून नोंदणी करून कुणाबरोबर लग्नाशिवाय एकत्र राहणं काराला चालत नाही. रविवारी येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत जाणं वेगळं. तेवढी ती गाडी चुकू देऊ नका म्हणजे झालं.

आणि एक कागद राहून जातो. एकल अर्जदाराला नातेवाइकाचं हमीपत्र लागतं, तुमचं काही बरंवाईट झालं तर मुलाला मी सांभाळेन असं. ते कोण देणार आहे?

दुसरं गेट

भाऊ-वहिनी. वहिनीनं सही करते म्हटलंय. तिच्याशी अजून या गृहस्थांबद्दल बोलले नाही. भाऊ १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या (मराठी सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या) फेरीत पुढं असतो. कन्नड जावई त्याच्या पचनी पडेल का, माहीत नाही. म्हणून आधी फाईल, मग भाऊ, असं ठरवलंय.

खानापूरकर

हा धागा दोनदा वाचला. मी स्वतः दत्तक आहे, म्हणून लिहितोय.

मला घेतलं तेव्हा आई ४१ ची. शाळेच्या गॅदरिंगला बाई विचारायच्या, आजी आल्यात का? ती हसून म्हणायची, हो. घरी येऊन केस काळे करायची. मी पंचवीसचा झालो तेव्हा ती सहासष्टची, गुडघे गेलेले. माझे मित्र मुंबई-पुण्याला गेले, मी खानापुरात राहिलो. तक्रार नाही, पण उशिरा आई होणाऱ्यांनी हे आधी बघावं. कागदावरची वयोमर्यादा लोकांना जाचक वाटते, मला नाही वाटत.

दुसरं. मला सहाव्या वर्षापासून माहीत होतं. आईनं गोष्टीसारखं नाही, सरळ सांगितलं, चुलीजवळ बसून. त्यामुळं शाळेत कुणी चिडवलं तेव्हा मला नवीन काही कळलं नाही. तुम्ही मूल आणाल तर टिळकवाडीला पहिल्या दिवशी कळेल. मुलाला शेवटी कळू देऊ नका.

तिसरं लिहू की नको ठरत नव्हतं. अठरा वर्षांनंतर मूळ शोधण्यासाठी अर्ज करता येतो, कायद्यात सोय आहे. मी तीस ओलांडल्यावर केला. जन्मदात्या आईचं नाव-पत्ता तिच्या संमतीशिवाय देत नाहीत, ते बरोबरच आहे. मला एवढं कळलं की तिनं मला सोपवताना एक झबलं दिलं होतं. माझी आई ते ऐकून दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "ते झबलं माझ्याकडं आहे. पेटीत." तोवर तिनं कधी सांगितलं नव्हतं.

तुमच्या त्या गृहस्थांना माझं एवढंच विचारा: मूल त्यांना हवंय, की तुम्हाला हवंय म्हणून चालणारंय? दोन्हीत फरक असतो. माझ्या वडिलांचं दुसरं होतं. चांगले होते. पण मला कळायचं.

कुंदाप्रेमी

_/\_ खानापूरकर. आज विनोद नाही.

धारवाडी मुलगी

माझं माहेर धारवाड, सासर अनगोळ. मराठी लग्नानंतर शिकले, चुका पोटात घाला.

तुम्ही कर्नाटकातून नोंदणी केलीय. मूल शक्यतो त्याच्या ओळखीच्या वातावरणात द्यावं असं दत्तकाच्या नियमांतच आहे. इथल्या संस्थेतून तीन-चार वर्षांचं मूल आलं तर ते बहुतेक कन्नड बोलत येणार. ते रात्री उठून "नीरु" (पाणी) म्हणेल, "होट्टे नोवु" (पोट दुखतंय) म्हणेल. त्या वेळी घरात कुणालातरी झोपेतही ते कळायला हवं. आमच्याकडं नणंदेनं पाच वर्षांची मुलगी आणली, हुबळीकडची. पहिले कित्येक दिवस ती फक्त दूधवाल्याशी बोलायची, कारण तो एकटाच कन्नड. नणंदेला वाटायचं, आपलं काहीतरी चुकतंय. चुकत काही नव्हतं, तिला आपली वाटणारी भाषा गेटाबाहेर होती.

लहान बाळासाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात आणि सहा-आठ वर्षांची मुलं संस्थेत वाट बघत राहतात. मोठ्या मुलांना पटकन घर मिळावं म्हणून पोर्टलवर वेगळी सोय आहे, तिथं रांग धरावी लागत नाही. पण मोठं मूल आणून न जमल्यानं परत पाठवल्याची उदाहरणंही घडतात. म्हणून घाई नको, तयारी हवी. तुमच्याकडं रविवारी एक कन्नड माणूस येतो. मी तुमच्या जागी असते तर त्यालाच आधी कामाला लावलं असतं.

आक्काताई

मी आधी जे लिहिलं त्यावर सून म्हणाली, "अत्त्या, तुम्ही दुसऱ्याची पोरं वाटत सुटलाय." असो. ही धारवाडची मुलगी शहाणी आहे.

मांडेवाली

मी या धाग्यावर येणार नव्हते. पण टिळकवाडी, गेट, शाळा, घटस्फोट, यल्लम्माचा नवस बोलणारी मावशी आणि १ नोव्हेंबरला फेरीत पुढं असणारा भाऊ. एवढं लिहिल्यावर बेळगावात कुणाला ओळख पटायची राहील गे?

मी ती वहिनी.

हमीपत्रावर सही करते म्हटलं होतं, अजून करते. तारीख सांग. पण इतके महिने दर रविवारी गोकाकचे पाहुणे येतात आणि आम्ही एकाच गावात असून आम्हाला ठाऊक नाही? मी गेल्या रविवारी तुझ्याकडं डबा पाठवला होता. आत्या (माझ्या सासूबाई, तुझी आई) म्हणाल्या, तू झोपलीयस. तू झोपली नव्हतीस!

तुझ्या भावाबद्दल. तो फेरीत जातो, खरं आहे. त्याची आजी बैलहोंगलची होती आणि मरेपर्यंत कन्नडमध्येच जपमाळ ओढत होती, हे तो फेरीत सांगत नाही. मी त्याला काल सगळं सांगितलं. आधी म्हणाला, "गोकाकचा?" मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "पाटबंधाऱ्यात कुणी ओळखीचं आहे का त्याच्या?" म्हणजे आता राग नाही.

आणि मूल आलं तर मला मामी व्हायचंय, तुझ्या हमीपत्रावरचं नाव नव्हे.

कुंदाप्रेमी

हा धागा आता लोकमान्य रंगमंदिरात लावा. पडदा कोण ओढतंय?

किल्लेदार

मी तिकीट काढतो. आत्यांना पुढची रांग द्या.

दुसरं गेट

वहिनी, मी शाळेच्या स्टाफरूममध्ये हे वाचलं. पुढचा तास आठवीचा होता, काय शिकवलं माहीत नाही. रात्री फोन करते. आईला मी झोपलेय म्हणायला सांगितलं नव्हतं, तिनं स्वतः जोडलं.

खानापूरकर, तुमचा प्रश्न मी त्यांना जसाच्या तसा विचारला. ते लगेच "हवंय" म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं आणि विश्वास बसला नसता. ते म्हणाले की बायको गेल्यावर त्यांनी मूल हा विचारच मनातून काढून टाकला होता. आता तो पुन्हा आणायला भीती वाटते. मूल आलं आणि त्याला ते आवडले नाहीत तर? असं म्हणाले. मी म्हटलं, मलाही तीच भीती आहे. हे बोलताना आई आतून म्हणाली, "चहात साखर किती?"

होम स्टडी झाली. आलेल्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. "त्या गृहस्थांना भेटू का?" असं बाईंनी विचारलं. तो रविवार नव्हता, तरी ते दुकान बंद करून आले. बाईंनी त्यांना विचारलं, "लग्न कधी?" ते म्हणाले, "फाईल म्हणेल तेव्हा."

ठरलंय ते असं. नोंदणी एकल म्हणूनच ठेवतेय. लग्न मूल घरी आल्यावर, आदेश झाल्यावर. मधल्या काळात ते रविवारी येतील आणि संध्याकाळी जातील. त्यांची ५१ ची ५४ होतील कदाचित, त्याचं मला वाईट वाटतं आणि ते वाईट वाटणं जाणार नाही. मूल आल्यावर पुढं दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाहणी असते, त्यात लग्नाचंही दाखवावं लागेल. त्यांचं मुलाशी नातं कागदावर कसं आणायचं ते आत्ता कुणालाच विचारलं नाही, वकिलाकडं जायचंय. ४ ते ८ मध्येही मी बसते, त्या मुलांचाही विचार चाललाय. कन्नड वाचायला बसलेय. शिकवणारे मास्तर कडक आहेत.

हिशोबनीस

चांगलं. होम स्टडी अहवाल तीन वर्षं चालतो, तारीख कुठंतरी लिहून ठेवा. मूल सुचवलं गेलं की राखून ठेवायला ४८ तासच मिळतात. मेसेज आला तेव्हा आम्ही चोर्ला घाटात होतो आणि रेंज नव्हती. तेव्हा फोनवर दुसरा नंबरही द्या. वहिनींचा द्या.

मांडेवाली

माझाच द्या. आत्यांचा नको.

आक्काताई

ते गृहस्थ मराठी वाचतात का गे? वाचत असतील तर हा धागा दाखवू नकोस.

दुसरं गेट

वाचतात. काल सगळा वाचला. करदंट अमीनगडचं म्हणणारे कुंदाप्रेमी कोण आणि कुठं राहतात, एवढंच विचारत होते.